खालून आलेला हुकूम

मर्डो गिलख्रिस्ट न्याहारी करून निघाला, तो थेट जहाजं मोडायच्या धक्क्यावर आला. ‘आर्डमोरा’ बोटीला आज गॅसकटर लागणार होते. क्लाइड नदीकाठच्या अख्ख्या गावानं राबून तिला बांधलं होतं. देश सोडून चाललेली गरीब कुटुंबं आणि फरकोटातल्या बायका, सगळ्यांना तिनं ग्रीनॉकहून न्यूयॉर्कला पोचवलं. मग विमानं आली आणि राणीवर मोलकरणीचे दिवस आले. उन्हाच्या देशांत सहली काढता काढता ती थकली.

“शेवटचं दर्शन का, मर्डोबा?” मुकादम टॅमनं हटकलं. “पितळी मूठबिठ ढापायची नाही हं!”

“फिरवायचीय फक्त. एकदाच.”

टॅमची थट्टा तिथंच थांबली. ती कहाणी गावात सगळ्यांना ठाऊक होती.

मर्डो ब्रिजवर, म्हणजे कप्तानाच्या वरच्या कक्षात असायचा, तर धाकटा भाऊ फर्गस खाली इंजिनांपाशी. दोन्हीकडं हुकमाचं एकेक यंत्र, तारेनं जोडलेलं. वर तबकडीवरच्या हुकमावर मूठ फिरवली की खाली घंटा वाजायची. खालच्यानं आपली मूठ फिरवली की वरची घंटा वाजून काटा त्याच हुकमावर यायचा, तोच होकार. फर्गस होकारापूर्वी काटा एकदा उगाच पुढंमागं झुलवायचा. म्हणजे, ‘ऐकलं रे, थोरल्या!’ कप्तानानं झापलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. “थोरल्याची मूठ मी ओळखतो,” तो म्हणायचा. “दुसऱ्या कुणी सुटी दिली तर मी जागचा हलायचा नाही.”

एका वादळात वाफेची नळी फुटली. फर्गस जागा सोडून गेला नाही, तिथंच संपला. मर्डो त्याची शवपेटी घेऊन उतरला आणि पुन्हा जहाजावर चढला नाही. सुटीचा हुकूम द्यायचा राहूनच गेला. लोखंडाला आग लागण्याआधी भावाला मोकळं करायचं, एवढ्यासाठी तो आला होता.

दोघं वर चढले. ओल्या गालिच्यांचा आणि जुन्या तेलाचा वास येत होता. बाहेर लख्ख दिवस असूनही बोळांत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. ब्रिजवर पोचल्यावर मर्डोनं टोपी काढली आणि मूठ ‘काम संपलं’वर नेली. घंटेचा नाद खोल खोल उतरत गेला...

“फर्गस... सुटी झाली, बाबा...”

बराच वेळ काहीच झालं नाही. मग घंटा वाजली. काटा पुढंमागं झुलला आणि ‘काम संपलं’वर टेकला. मर्डो हमसून हमसून रडला.

“मर्डोबा...” टॅमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “खालचं यंत्र परवाच काढलंय आम्ही... माझ्या टपरीत पडलंय ते.”

मर्डोला भीती वाटली नाही. जहाजाचा एवढा अजस्र देह अजून आपल्या भावाचा शब्द वाहतोय, या विचारानं त्याचा ऊर भरून आला.

तेवढ्यात काटा पुन्हा हलला. आपणहून. हुकूम नेहमी वरून सुटायचा. खालून कधीच आला नव्हता. काटा सरकत सरकत ‘तयार राहा’वर थांबला. ग्रीनॉक सोडताना व्हायची तशी बारीक थरथर तळपायांना जाणवू लागली.

“उतरा... आधी खाली उतरा, मर्डोबा!”

“हुकमाला उत्तर द्यावं लागतं, टॅम,” मर्डो हळूच म्हणाला. त्यानं टोपी नीट डोक्यावर बसवली आणि मुठीला हात घातला.

बाहेर वाऱ्याची झुळूकही नव्हती. तरी धक्क्याला बांधलेले दोरखंड एकेक करून ताणले जात होते.