टँकरच्या तीन तारखा

संपादक शिवराज यांनी शालूताईंसमोर माफीनाम्याचा मसुदा टाकला.

"ठेकेदार म्हणतो, उद्या हा पहिल्या पानावर छापायचा, नाहीतर बदनामीचा खटला. बातमी खरी आहे, ताई. लोकांच्या भल्याचीही आहे. पण कोर्टात नुसतं खरं असून भागत नाही, आम्हाला सिद्ध करावं लागेल. हरलो तर मी तुरुंगात आणि पेपर बंद."

दुष्काळाचं साल होतं. औरंगाबादेत नव्या इमारती उठत होत्या आणि लासूर स्टेशनजवळच्या धनगरवस्तीची विहीर आटली होती. 'टँकर एकदाच आला, बाकीच्या खेपा कागदावर,' असं शिवराज यांनी छापलं. ठेकेदार काकासाहेबांनी उत्तरादाखल तीन फोटो पाठवले: दहा एप्रिल, पंधरा मे, पाच जून.

शालूताई खासगी गुप्तहेर. त्यांचा सहायक रामेश्वर वयानं मोठा, डोक्यानं जरा निवांत.

"तिन्हींत ड्रायव्हरचा सदरा वेगळा," त्यानं फोटो न्याहाळले. "विहीर, टँकर, मागं गादीसारखी गुबगुबीत मेंढरं. पाणी मिळाल्याशिवाय का अशी दिसतात? ठेकेदार खराच."

शालूताईंनी फोटो पिशवीत टाकले. दोघं वस्तीवर गेले.

ही बातमी पेपरला दिली होती कस्तुराबाईंनी. त्या लोकरीचा ढीग पिंजत बसल्या होत्या.

"टँकर किती वेळा आला, मावशी?" शालूताईंनी विचारलं.

"मला ठावं न्हाय."

"बातमीदाराला एकदाच म्हणालात."

"म्हनले असंन."

"लोकर लई निघाली की!"

"आखितीला समदी मेंढरं कातरली. दरसाल तवाच कातरतो. बन्सीला घोंगडं करायचंय. माजा ल्योक, ठेकेदाराच्या टँकरवर डायवर हाय."

"आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया, यंदा तेरा मे," रामेश्वरनं सवयीनं वहीत टिपलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "म्हातारी फितली, ताई."

बन्सी सिडकोपलीकडे एका बांधकामावर टँकर रिकामा करत होता.

"फोटो तीन वेगवेगळ्या दिवसांचे?" शालूताईंनी विचारलं.

"व्हय." त्यानं मान वर केली नाही.

"आई तर एकदाच आला म्हणाली होती."

"आईला काय कळतंय? मालक सांगत्यात तेच खरं."

"आई लेकासाठी गप्प, लेक मालकासाठी," गाडीत बसताना शालूताई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं, पण त्या थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब माफीनामा छापून घ्यायला पेपरच्या कचेरीत आले. गाडी बन्सीच चालवत होता. शालूताईंनी बोलावून घेतलेल्या कस्तुराबाई आत बसलेल्या पाहून तो दारातच थबकला.

शालूताईंनी फोटो मांडले. "काकासाहेब, सदरे बदललेत, मेंढरं बदलायची राहिली. तेरा मेला सगळी कातरली. मग पंधरा मेला ती लोकरीनं गच्च कशी? पाच जूनलाही तशीच? तिन्ही फोटो कातरणीच्या आधीचे, एकाच दिवसाचे."

रामेश्वरनं वही उघडली आणि कपाळावर हात मारला.

काकासाहेब हसले. "मेंढरं कोर्टात साक्ष देतात का, बाई?"

"मी देते," कस्तुराबाई उठल्या. "मेंढरं माजी हायेत. कवा कातरली ते माज्याबिगर कोन सांगंल?" मग लेकाकडे वळल्या. "तुजी नोकरी जाईल म्हनून गप व्हते, बन्सी. वस्तीवर पोरंबाळं तहानली तरी गप व्हते. आता न्हाय व्हायचं."

बन्सीनं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. "एकाच दिवशी काढले, मालक. सदरे तुमीच आनले व्हते."

शिवराज यांनी माफीनामा उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर साक्षीदारांची नावं लिहायला घेतली. कस्तुराबाईंच्या खाली कुणाचं लिहायचं, हे त्यांना विचारावं लागलं नाही.