वेलीखालची लाल माती

भर दुपारी ओटीच्या पायरीजवळ हेमांगी टिकम काळं कांबळं डोक्यावरून ओढून जमिनीशी ओणवी बसली होती. कुंपणापलीकडून जयवंत कुबल थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

"काय गो हेमा, वाफारो घेतंस?"

"उजेड लागलो तर फुकट जातला सगळा, काका," कांबळ्याच्या आतून उत्तर आलं.

"उजेडाक भियाणारा यंत्र! तुझो बापूस बघतो तर दोन दीस हसतो."

आपण काय बोलून गेलो, ते जयवंतकाकांना लगेच जाणवलं असावं. ते खाकरले आणि कुंपण ओलांडून जवळ येऊन बसले. तिच्या बाबांना, दिगंबर टिकमना जाऊन अजून दोन महिनेही झाले नव्हते.

हेमांगीनं दोन्ही टोकं झाकलेली एक पोलादी नळी हातभर लांबीच्या एका करड्या पेटीत सरकवली आणि कांबळं बाजूला केलं. या पेटीचं नाव कणकाल. ती ज्या संस्थेत काम करत होती, तिथं हे यंत्र बनायला नऊ वर्षं लागली होती. पूर्वी हेच काम करायला प्रयोगशाळेत महिना जायचा आणि उत्तरात पाच-दहा वर्षांचा फरक पडायचा. कणकाल ते वीस मिनिटांत करायचा, तेही ऋतूसकट.

"ह्या काय सांगता?" काकांनी विचारलं.

"ह्या वाळूनं शेवटचं ऊन कधी पाहिलं, ते."

काकांनी तिच्याकडे संशयानं पाहिलं. तिनं नळीच्या टोकाची सांडलेली चिमूटभर वाळू त्यांच्या तळहातावर ठेवली. "यात गारगोटीचे कण आहेत. कण मातीखाली गाडला गेला, की आजूबाजूच्या मातीतून त्याच्यात थेंबथेंब ऊर्जा साठत जाते. अंधारात ठेवलेला माठ भरावा तशी. ऊन लागलं की माठ रिकामा. हे यंत्र कणावर निळा प्रकाश टाकतं, मग कण साठवलेलं सगळं एका झटक्यात सोडून देतो. जितका जास्त उजळला, तितका जास्त काळ अंधारात होता."

"आणि मगे?"

"मग काही नाही. रिकामा होतो. एक कण एकदाच वाचता येतो."

पडद्यावर एक रेषा झरकन वर चढली आणि हळूहळू खाली उतरली. ही नळी तिनं सकाळी घरामागच्या विहिरीजवळच्या वाळूतून काढली होती. हेमांगीनं आकडा वाचला आणि तिचा आवाज आपोआप खाली आला. "दोन हजार सहाशे वर्षं, काका. ही वाळू इतकी वर्षं कोणी हलवलेली नाही."

काकांनी तळहातावरच्या वाळूकडे पाहिलं. मग ती झटकून न टाकता त्यांनी हात खाली नेला आणि अगदी हळू जमिनीवर ठेवली.

पुढची नळी ओटीखालची. तिच्यात एकावर एक तीन थर होते. एक एकसष्ट वर्षांपूर्वीचा, दुसरा एकशे अडतीस, तिसरा दोनशे तीन. प्रत्येक थरातल्या वरपासून खालपर्यंतच्या कणांनी ऊन शेवटचं एकाच पावसाळ्यात पाहिलं होतं. थोडीथोडी उडत आलेली वाळू अशी नसते. चार बोटं जाडीचा अख्खा थर कुणीतरी एका वेळी आणून टाकला होता.

"कोणी?" काकांनी विचारलं, पण त्यांची नजर आधीच समुद्राकडे गेली होती.

समुद्र त्या दुपारी तव्यासारखा सपाट होता. घरापासून तो शंभर पावलांवर होता. चाळीस पावलांवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरली होती, पांढरवेळच्या अख्ख्या किनाऱ्याला हिरव्या काठासारखी.

"वेलीपुढे समुद्र येवचो नाय," काका म्हणाले. "आज्यापणज्यापासून ह्याच ऐकत इलंव. वेल पुढे असा. घरा मागे असत. तुझो कण काय सांगता ता सांगूं दे."

याच वेलीसाठी हेमांगी आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गावसभा होती. किनाऱ्यावरच्या पहिल्या रांगेतल्या अकरा घरांना गावामागच्या सड्यावर, उंच कातळाच्या पठारावर, जागा मिळत होती, पण अकराही जणांनी होकार दिला तरच. समुद्राची पातळी दर वर्षी वाढत होती हे सगळ्यांना माहीत होतं. तरी दहा घरं एकच बोलत होती, वेल पुढे आहे. अकरावं घर तिच्या आईचं होतं, आणि आई काहीच बोलत नव्हती.

काका गेल्यावर ती वेलीपर्यंत चालत गेली. मुळांजवळ नळी ठोकताना टोक कशात तरी रुतलं. तिनं हातानं उकरलं. पांढऱ्या वाळूत, वेलीच्या जाड मुळीला बिलगून, लाल मातीचं ढेकूळ होतं. पाच पावलांवर आणखी एक. मग आणखी. किनाऱ्यावर लाल माती नसते. ती सड्यावरची, जांभ्या दगडाची माती.

कांबळ्याखाली ढेकळाच्या गाभ्यातली माती वाचून कणकालनं सांगितलं: बावीस वर्षं. श्रावण.

आई मागच्या पडवीत सुके बांगडे उलटत होती. हेमांगीनं ढेकूळ तिच्यासमोर ठेवलं.

आईनं ते पाहिलं आणि बांगडे उलटत राहिली. टोपली संपल्यावर हात पदराला पुसले.

"ती वेल तुझ्या बापाशीन लावल्यान," ती म्हणाली.

बाबा रापणीचे तांडेल होते. किनाऱ्यावरून अख्खा गाव मिळून जे मोठं जाळं ओढतो ती रापण, आणि जाळं कधी टाकायचं हे सांगणारा तांडेल. बाबांना पाण्यावरच्या काळपट सावलीवरून मासळीची झुंड ओळखता यायची. ते हात वर करायचे आणि चाळीस माणसं धावत सुटायची. कधी कुणी 'नक्की का?' असं विचारलं नाही. त्यांना ओटीवरून समुद्र दिसायला हवा होता. पण मूळ वेल विहिरीजवळ होती, आणि वेलीच्या पुढे घर बांधायला जुनी माणसं तयार होईनात.

"श्रावणात रापण बंद. रोज पहाटे टोपलेत माती घेऊन जायत आणि वेल पुढे लावीत. दोन उन्हाळे गोडा पाणी घातल्यान. लोकांनी बघल्यानी, म्हणाले, समुद्र आपणहून मागे गेलो. देवाची मर्जी." आई थांबली. "आमचा घर झाला. मगे जयवंतान बांधल्यान. मगे सगळ्यांनी."

"बाबा बोलले नाहीत?"

"दहा घरा झाल्यार काय बोलतले?"

हेमांगीला दर पावसाळ्यातले बाबा आठवले. भरती चढली की ते छत्री न घेता वेलीपर्यंत जायचे, थोडा वेळ उभे राहायचे आणि परत यायचे. लहानपणी तिला वाटायचं, त्यांना फुलं आवडतात.

"तू उद्या सांगतलंस?" आईनं विचारलं.

हेमांगीनं पिशवी जवळ ओढून घेतली. थरांचे आकडे दाखवून भागलं असतं का? काका म्हणाले असते, तेव्हा वेल नसेल. वेलीचं खरं सांगितल्याशिवाय कुणी हलणार नव्हतं. आणि ते सांगितलं, की ज्या माणसाच्या वर केलेल्या हातावर गाव धावलं, त्याचा तो हात उरणार नव्हता.

एक नळी शिल्लक होती. ती तिनं सकाळीच घराच्या उंबऱ्याखालून काढली होती आणि दिवसभर पिशवीत ठेवली होती. शास्त्राला तिची गरज नव्हती. घराच्या पायातलं वाळूचं पहिलं घमेलं बाबांनी स्वतः ओतलं होतं, त्यातले ते कण. वीस वर्षांचा अंधार त्यांच्यात भरला होता. तिची शाळा, तिचं लग्न, बाबांचा खोकला, सगळं त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं. वाचले की ते रिकामे होणार होते.

"ता काय असा?" तिच्या हातातल्या नळीकडे बघत आईनं विचारलं. हेमांगीनं सांगितलं.

आईनं कांबळं उचललं, दोघींच्या डोक्यावर घेतलं आणि म्हणाली, "वाच ता."

कांबळ्याखाली आईच्या हातांना मिठाचा आणि बांगड्यांचा वास होता. पेटीच्या छोट्या काचेमागे निळा प्रकाश लागला. रेषा चढली. फार उंच नाही. विहिरीजवळच्या वाळूपुढे ती काहीच नव्हती. क्षणभर ती वरच्या टोकाशी थबकल्यासारखी वाटली, मग उतरत गेली, आणि आईनं हेमांगीचं मनगट घट्ट धरलं. रेषा तळाला टेकेपर्यंत तिनं ते सोडलं नाही.

"त्या दिसा कडकडीत ऊन व्हता," आई कांबळ्याच्या आतच म्हणाली. मग कांबळं बाजूला सारून, "जयवंताक आधी सांग. सभेत नको. त्येका घरात जाऊन सांग."

त्याच संध्याकाळी जयवंतकाकांनी आपल्या दारात सगळं उभ्यानं ऐकलं. लाल ढेकूळ त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते बोटांनी चुरलं, हुंगलं.

"सड्यावरचीच," ते म्हणाले. "माझ्या समोरसून टोपले नेल्यान. मी इचारलंय, दिगंबर, इतकी माती कित्याक? म्हणालो, आंब्याक." ते एकदम हसले आणि ते हसणं मध्येच तुटलं. "फटकिरो! आणि मी त्याच्या वेलीमागे माझी पोरा निजयली."

त्यांनी दार लावून घेतलं. हेमांगी बराच वेळ त्यांच्या अंगणात उभी होती.

सकाळी सभेला तासभर असताना ती ओटीवर आली, तर काका वेलीत गुडघ्यांवर बसले होते. ते ती उपटून फेकत असतील असं तिला वाटलं. जवळ गेल्यावर दिसलं, की ते एकेक मुळी लाल मातीसकट सोडवून टोपल्यात रचत होते. लांब फांद्यांची वेटोळी करून त्यांनी त्यांवर ओला पंचा टाकला होता.

"तुझा यंत्र घे," ते वर न बघता म्हणाले. "लोकांनी सभेक येताना बघूक होया, वेल आता घरांच्या मागे असा ती."

दोघं विहिरीपाशी आले. दोन हजार सहाशे वर्षांची वाळू त्यांच्या पायांखाली होती. काकांनी टोपली उतरवली आणि कुदळ रोवली.

"हंय?"

हेमांगीनं पेटीकडे पाहिलं. समुद्र आजवर कुठपर्यंत आला होता, ते तिच्यात होतं. तो पुढे कुठपर्यंत येणार, हे कुठल्याच कणात साठलेलं नव्हतं. पाठीमागे लाटेचा आवाज ऐकू येत होता, रोजच्यासारखाच, संथ. तिनं नकारार्थी मान हलवली आणि सड्याच्या दिशेनं चालायला लागली.

काका टोपली उचलून मागोमाग आले. वीस पावलांवर ते थांबले.

"हंय? काय आणखी मागे?"