भावंडाला मिठाचं पाणी

उंदराची पिल्लं फिरत्या दांडीवर ठेवायची आणि कोण किती टिकतं ते पाहायचं, हे बाईंचं रोजचं काम. ऐकणाऱ्याला पोरखेळ वाटे. बाई मात्र त्यापायी दिवसभर प्रयोगशाळेत उभ्या असत, कारण घरी त्यांची धाकटी भिंत धरून चालत होती.

बाईंना जुळ्या मुली. थोरली जिन्याच्या कठड्यावरून घसरत शाळेला निघणारी, पक्की माकडीण. धाकटीला स्वतःच्या फ्रॉकचं बटण लावता येत नसे. हात बटणापाशी जाऊन थरथरायचा आणि भलतीकडेच निघून जायचा. तोल सांभाळतो तो लहान मेंदू. तिथल्या पेशींना ग्लुटामेट नावाचं रसायन निरोप पोचवतं, आणि तो निरोप आत घेणारी दारं, म्हणजे ग्राही, धाकटीच्या पेशींवर उघडतच नव्हती. जन्मतः अशा एकेका पेशीवर अनेक तंतू चढलेले असतात. दारं उघडी असली की तंतू आपसात भांडतात, एकच जिंकतो, बाकीचे मुकाट माघार घेतात. धाकटीच्या डोक्यातलं भांडण मिटलंच नव्हतं. बाईंचं औषध ती दारं उघडेल अशी आशा होती.

पद्धत सगळीकडे चालते तीच. एका वेतातली, धाकटीसारखाच दोष असलेली दोन डळमळती पिल्लं घ्यायची, एकाला औषध द्यायचं, भावंडाला नुसतं मिठाचं पाणी, आणि दोघांतला फरक मोजायचा. फरक एवढा मोठा आला की बाईंचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तशी त्यांची गत झाली.

मेंदूचे पातळ काप काढून तपासणारा एक सहकारी होता. त्याला सगळे लाडाने कसाई म्हणत.

"बाई, औषध लागू पडतंय, मान्य," तो म्हणाला. "पण मिठाच्या पाण्यावरची पिल्लं आधी पडत-धडपडत का होईना, चालत होती ना? आता उभीही राहत नाहीत."

"आजारी असतील."

"सगळीच?"

बाईंनी फक्त फरक मोजला होता. एक पारडं वर गेलेलं दिसलं, दुसरं किती खाली गेलं ते पाहायचं राहूनच गेलं.

त्यांनी भावंडांना वेगळ्या खोल्यांत ठेवलं, मग वेगळ्या मजल्यांवर. तेच घडलं. एकट्या जन्मलेल्या पिल्लाला औषध दिलं, तर काहीच झालं नाही. शेवटी डळमळत्या पिल्लाबरोबर त्याचा धडधाकट भाऊ निवडला. औषध मिळालेलं दांडीवर तुरुतुरु चालू लागलं. वरच्या मजल्यावर त्याचा भाऊ कुशीवर पडला आणि जागच्या जागी गोल फिरत राहिला.

कसायाने त्या भावाच्या मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पेशी शाबूत होत्या, दारं शाबूत होती. एकाही पेशीवर तंतू नव्हता.

"आणि औषध दिलेल्याच्या?"

"पेशीगणिक एक. ठसठशीत."

"मग याचे गेले कुठे?"

कसायाने दिवा बंद केला. "मला विचारू नका, बाई. मी दुसरीकडे नोकरी शोधतोय."

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, असं या धंद्यात सगळेच म्हणतात, फाजील आशेला लगाम घालायला. बाईंनी ते वाक्य स्वतःला दुसऱ्याच कामासाठी ऐकवलं, भीतीला लगाम घालायला. थोरलीवर त्यांचा जीव होता, तितकाच होता. तरीही औषधाची बाटली पर्समध्ये टाकताना त्यांचा हात अडखळला नाही.

आठवडाभरात, सकाळच्या उन्हात, धाकटीने फ्रॉकची सगळी बटणं लावली. बाई तिला पोटाशी धरून रडल्या.

थोरली चौकट धरून उभी होती.

"आई, फरशी हलतेय."

"झोप झाली नसेल गं."

पुढच्या आठवड्यात थोरली रांगू लागली. मान लटलटायची, शब्द तोंडातच घसरायचे. बाईंनी औषध बंद केलं, पण गेलेलं परत आलं नाही. धाकटी दोरीवरच्या उड्या मारत होती, आणि ते पाहून आनंद होतो याचीच बाईंना किळस येऊ लागली. बाटलीत एक चमचा औषध उरलं होतं, पुढची खेप तयार व्हायला कित्येक महिने लागणार होते.

त्यांनी ठरवलं. दोघी डळमळतील तर डळमळोत, पण दोघी चालतील.

"हे ताईला," त्यांनी धाकटीला सांगितलं.

"घेतलं की ती चालेल?"

"हो."

"आणि मी?"

बाईंनी बाटलीचं झाकण काढलं.

चमचा काठोकाठ भरला. बाईंचा हात आता इतका कापत होता की तो सांडणारच होता.

"दे आई, मी भरवते," धाकटी म्हणाली. "तू तिची मान धर."

बाईंनी चमचा तिच्या हाती दिला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थोरलीची मान धरली.

धाकटी खोलीच्या त्या टोकापासून चालत आली. सरळ रेषेत. एक थेंबही हिंदकळला नाही.

थोरलीने तोंड उघडलं.

धाकटीने बहिणीकडे नीट पाहिलं आणि चमचा स्वतःच्या तोंडात घातला.

मग फ्रॉकच्या टोकाने तिने ताईची लाळ पुसली आणि दोन बोटांनी हलकेच तिचं उघडं तोंड मिटवलं.