चिमणीचा नंबर

आत्या जन्मभर नर्स होती आणि भुताखेतांच्या गोष्टींना हसायची. म्हणूनच तिच्या तोंडून ऐकलेली ही गोष्ट मी खरी मानते.

उन्हाळ्यातली भर दुपार. लहान मुलांचा वॉर्ड. खिडकीजवळची शेवटची खाट.

खाटेवर चार वर्षांची मुलगी. अंगात रक्त इतकं कमी, की तळहात कागदासारखे पांढरे. रडतानाही धाप लागायची. नुकतंच रक्त चढवायला सुरुवात झाली होती. रात्र रात्र जागलेल्या आईचा खुर्चीतच डोळा लागला होता.

रक्त सुरू केलं की आत्या थोडा वेळ खाटेजवळून हलायची नाही. रक्त मानवलं नाही, तर बऱ्याचदा तेव्हाच हुडहुडी भरते. मग नळीवरची चक्री फिरवून रक्त लगेच थांबवायचं.

हे सगळं चिमणीला पाठ होतं.

चिमणी म्हणजे वॉर्डातली आधीची एक मुलगी; दर महिन्याला रक्त घ्यायला यायची. चूं चूं वाजणाऱ्या चपला घालून वॉर्डभर फिरायची, म्हणून ते नाव. नव्या पोरांना धीर द्यायची, "आधी गार लागतं, मग काही नाही. पण थंडी वाजली तर चक्री बंद! नाहीतर सिस्टर ओरडतात."

"मी कधी गं ओरडते, आगाऊ?"

"हे काय, आत्ताच!"

त्या उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात तिच्या गटाचं रक्त कुठेच मिळेना. शेवटी शेवटी तिला बसवतही नव्हतं, तरी विचारायची, "सिस्टर, माझा नंबर कधी?"

"येईल हं बाळा."

तो आलाच नाही.

...त्या दुपारी पडद्यापलीकडे एका बाळाला झटका आला. आत्याला धावावंच लागलं.

बाळाला सावरताना तिला ऐकू आलं...

चूं... चूं...

असेल कुणाचं तरी पोर.

आवाज दारातून आत आला. खाटांमधून गेला. खिडकीपाशी थांबला.

मुलीचं रडणंही थांबलं...

बाळ डॉक्टरांच्या हाती देऊन आत्या धावली.

मुलगी कुडकुडत होती. दात वाजत होते. रक्त मानवलं नव्हतं.

पण चक्री... बंद होती.

आई तशीच झोपलेली. मुलीचा एक हात सुई हलू नये म्हणून फळीला बांधलेला, दुसरा आईच्या मुठीत.

"वेळेत थांबवलंत, सिस्टर," इंजेक्शन देऊन झाल्यावर डॉक्टर म्हणाले.

आत्याने तर चक्रीला हातही लावला नव्हता.

संध्याकाळी तिने मुलीला विचारलं, "चक्री कुणी फिरवली गं?"

"ताईने. चपलावाल्या. ती ना, विचारत होती..."

"काय?"

"तिचा नंबर कधी?"

मुलगी बरी होऊन घरी गेली. आत्या निवृत्त झाली. अजूनही रस्त्यात तशा चपला वाजल्या की ती थांबते. पोर पुढे गेलं की मगच चालू लागते.

परवा मी तिच्यासोबत होते. मागून आवाज आला.

आत्या थांबली.

आवाजही थांबला...

मी वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

आत्याने मात्र पाहिलं नाही. "येईल हं बाळा," एवढंच पुटपुटली, आणि कितीतरी वेळ तिथून हललीच नाही.