फ्रीझरमधला पांढरा गहू

कंपनीने विद्यापीठाचं अनुदान आणखी पाच वर्षं चालू ठेवलं.

हे वाक्य चुकून वर आलं आहे. ते शेवटी यायचं होतं. तेव्हा असं काही झालेलं नाही असं धरून चालू. अनुदान धोक्यात आहे, जेवणं नुकतीच आटोपली आहेत, आणि कॅन्ससमधल्या एका विद्यापीठाच्या गहू विभागात प्राध्यापक आर्लो थीसन फ्रीझरमध्ये डोकं घालून उभे आहेत.

लिओटा पँक्रात्झ पोचली तेव्हाही ते तसेच उभे होते. लिओटा खाजगी गुप्तहेर. तिच्याकडे बहुतेक चोरीच्या ट्रॅक्टरची प्रकरणं येत, त्यामुळे फ्रीझरमध्ये मावणारी चोरी तिला जरा किरकोळ वाटली. सोबत तिचा दीर डेल्बर्ट होता. तो पूर्वी शेरीफच्या कचेरीत होता. तिथून आपल्याला का काढलं, याचा छडा त्याला अजून लागलेला नव्हता.

थीसनसरांनी हकिगत सांगितली. सहा वर्षं खपून त्यांनी पांढऱ्या गव्हाचं नवं वाण काढलं होतं. आसपास सगळा लाल गहू. त्याचा कोंडा काळपट आणि कडसर, म्हणून कोंड्यासकट पाव म्हटलं की लोक नाक मुरडतात. पांढऱ्याचं तसं नाही. संशोधनाचा खर्च एका पीठगिरणी कंपनीचा, आणि आज जेवणानंतर तिच्या चेअरमनना समारंभपूर्वक बियाणं द्यायचं होतं. काल विभागाचं शीतगृह बिघडलं, म्हणून सरांनी पिशवी स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये ठेवली. आता पिशवी होती, पण आत लाल गहू.

“पिशवीवर काही लिहिलं होतं?” लिओटाने विचारलं.

“छे. चोराला कळलं असतं ना.”

डेल्बर्टला ही खबरदारी फार पटली. सगळं बियाणं एकाच पिशवीत का, असं त्याने विचारलं. दुसऱ्या शीतगृहाची मागणी कंपनीने दोनदा फेटाळली होती, असं सर फ्रीझरकडे बघत म्हणाले.

चेअरमन रॉइस हॅडली घड्याळ बघत होते. “संध्याकाळी माझं विमान आहे. तोवर बियाणं मिळालं तर पुढचे पैसे. नाहीतर विषय संपला.” त्यांचा संशय सरांच्या विद्यार्थ्यावर होता, त्याला दुसऱ्या बियाणे कंपनीने नोकरी देऊ केली होती. मुळात कोंड्याच्या पावाला आपण जन्मात तोंड लावलेलं नाही, ते घोड्याचं खाणं, असंही त्यांनी ऐकवलं. मात्र आजचं जेवण उत्तम होतं. एरवी पाव बेताचाच खाणाऱ्या त्यांनी लोणी लावून चार तुकडे खाल्ले होते.

विद्यार्थी गार्थ गव्हाच्या ओंबीच्या वेशात होता. सरांच्या सांगण्यावरून त्याने अंगभर नव्या वाणाच्या खऱ्या ओंब्या शिवल्या होत्या, पण हात बाहेर काढायला जागा ठेवायची राहून गेली होती. सकाळपासून तो फाटकाशी वाकून पाहुण्यांचं स्वागत करत होता, आणि त्याला जेवण दुसऱ्याने भरवलं होतं.

“दातात धरून नेली असेल पिशवी,” डेल्बर्ट म्हणाला.

“दीर आहात म्हणून ऐकून घेते,” लिओटा म्हणाली.

जेवण विल्मा गोअरिंगकाकूंनी केलं होतं. भावाच्या शेतावरचा लाल गहू, पहाटे जात्यावर स्वतः दळलेला, अख्खी पिशवी संपवली, असं त्यांनी सांगितलं. कोंडा त्या कधीच चाळत नाहीत. किडे होऊ नयेत म्हणून गहू मात्र थंडीत ठेवतात. एवढं सांगून त्या मोटारीत राहिलेला चष्मा आणायला गेल्या.

त्या परतल्या तेव्हा लिओटाने सगळ्यांना फ्रीझरभोवती उभं केलं होतं.

“काकू, गहू थंडीत ठेवता म्हणजे कुठे?”

“इथेच की. नेहमीच.”

“आणि आज पिशवी रिकामी केलीत. मग ही लाल गव्हाची भरलेली पिशवी कोणाची?”

काकूंनी चष्मा लावून पिशवी उलटसुलट पाहिली. “अगं बाई, ही तर माझी.”

“चोर नाहीच,” लिओटा म्हणाली. “काकूंनी अंधारात, चष्म्याशिवाय, वरची पिशवी उचलली. लाल गव्हाचा न चाळलेला पाव काळपट झाला असता, कडू लागला असता. कोंड्याला तोंड न लावणाऱ्या साहेबांनी त्याचे चार तुकडे खाल्ले नसते. आणि इथे पांढरा गहू एकच. साहेब, तुमचं बियाणं तुम्हाला मिळालंय. फक्त जेवणानंतर नाही, जेवणात.”

“तरीच पीठ गोरं दिसत होतं,” काकू पुटपुटल्या. “मला वाटलं, नवीन दिवे लावलेत.”

चेअरमननी पोटावर हात ठेवला. “त्यात कोंडा होता?”

“सगळा,” काकू म्हणाल्या.

“सहा वर्षं हे मला तक्ते दाखवतायत,” चेअरमन सावकाश म्हणाले. “आधी पाव का नाही दाखवला?”

सर खुर्चीत बसले. “आता काय उपयोग. एक दाणा उरला नाही.”

तेवढ्यात दारात अडकलेली ओंबी कपाळाने दार ढकलत आत आली.

“गार्थ,” लिओटा हळूच म्हणाली, “हलू नकोस.”

गार्थला टेबलावर आडवं करून ओंब्या उसवण्यात आल्या. कात्री खुद्द चेअरमननी धरली. पुरेसे दाणे आहेत, दोन हंगामांत पिशवी पुन्हा भरेल, असं सर दाणे मोजत म्हणाले. चेअरमननी अनुदानाच्या कागदावर सही केली, दुसऱ्या शीतगृहाच्या मागणीवरही केली, आणि विमान चुकवलं. अगदी वरचं वाक्य आता वाचायला हरकत नाही.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या भांडार विभागाकडून विद्यापीठाला पत्र आलं:

“सदर बियाणे माननीय चेअरमन यांनी समक्ष स्वीकारले असून ते अद्याप गोदामात जमा झालेले नाही. तरी ते मूळ स्थितीत, कोरड्या व सीलबंद पिशवीत जमा करण्याबाबत माननीय चेअरमन यांना आपल्या स्तरावरून सूचना द्याव्यात, ही नम्र विनंती.”