मास्तरांनी सोडलेली जागा

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यातलं काहीही मी तिखटमीठ लावून सांगत नाहीये. रात्र नव्हती. लाइट गेले नव्हते. शनिवार होता, दुपारचे चार. झेरॉक्सच्या दुकानावरची, तिसऱ्या मजल्यावरची आमची जुनी तालमीची खोली, आणि खिडकीतून चक्क ऊन येत होतं.

मी संगीतवाल्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करते. सगळे मला वायरबाई म्हणतात. त्या दिवशी ठोक्याचा फोन आला, तोही दोन वर्षांनी.

"वायरबाई, मास्तरांचा कॉम्प्युटर आपोआप वाजतोय गं. ये ना."

ठोक्या ड्रम वाजवतो. मास्तर कीबोर्डवाले, आम्हा दोघांना त्यांनीच शिकवलं. तिघांचा ग्रुप होता आमचा, मीही कीबोर्डच वाजवायचे. दोन वर्षांपूर्वी ठोक्यानेच मला फोनवर सांगितलं होतं, "मास्तर म्हणतात, वायरबाई आता नको." का, विचारलं तर म्हणाला, "त्यांनाच माहीत." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, खड्ड्यात जा दोघंही. पुढे मास्तर आजारी पडले, मी बघायला गेले नाही. वारले, तेव्हाही नाही.

तरी त्या शनिवारी गेले. खोटं कशाला बोलू, त्यांची खुर्ची बघायला गेले.

खुर्ची तिथेच होती. तुटक्या हाताला तीच चिकटपट्टी. ठोक्या दारातच उभा, आत येईना.

"चारला सुरू होतं," तो म्हणाला.

आणि... वाजलं.

कॉम्प्युटरमधला पियानो. हळू, एक छोटीशी ओळ.

मी हसलेच. "अरे गाढवा, याचं चॅनल बघितलंस का?"

तुम्हाला सांगते. या कामात सोळा चॅनल असतात. कीबोर्ड एका नंबरवरून सूर पाठवतो आणि कॉम्प्युटरमधलं वाद्य त्या नंबरला कान लावून बसतं. नंबर जुळला की आवाज. पण वाद्य 'सगळे चॅनल'वर ठेवलं, की कुणीही कुठूनही पाठवो, ते वाजतंच. नवशिक्यांची चूक. इथेही तेच केलं होतं.

"कुठूनतरी कचरा येतोय, दुसरं काही नाही," म्हणत मी कीबोर्डची वायर उपटली.

वाजत राहिलं...

इंटरनेट बंद केलं. जुनं रेकॉर्डिंग चालू नाही ना, तेही बघितलं.

वाजत राहिलं...

स्क्रीनवर प्रत्येक चॅनलचा एक बारीक दिवा असतो. त्यातला पहिला लुकलुकत होता. बाकी सगळे विझलेले.

आमच्यात नंबर मास्तरांनीच वाटून दिले होते. एक त्यांचा. दोन माझा. दहा ठोक्याचा.

मग मी नीट ऐकलं. ओळीतला पाचवा सूर हलका पडत होता. दर वेळी. मास्तरांचं करंगळीशेजारचं बोट एकदा दारात चेंगरलं होतं, तेव्हापासून त्यात जोर नव्हता.



ओळ संपली. आणि मग...

काहीच नाही.

मी मोजलं. आठ ठोके शांतता, बरोब्बर आठ. मग पुन्हा तीच ओळ. पुन्हा आठ ठोके रिकामे.

ती जागा माझी होती. एक ओळ त्यांची, एक माझी, असंच वाजवायचो आम्ही.

नको असलेल्या माणसासाठी कुणी जागा सोडतं का?

"ठोक्या, मास्तर खरंच म्हणाले होते, वायरबाई नको?"

तो जिन्याकडे वळला.

"बोल ना! आता का दातखीळ बसली?"

"नव्हते म्हणाले," तो म्हणाला. "दवाखान्यात रोज विचारायचे, ती आली का. मी सांगायचो, तिला वेळ नाही."

"का रे?"

"तू असलीस की त्यांना मी दिसायचोच नाही गं."

बस्स. एवढ्यासाठी! ज्याला सख्खा भाऊ मानलं, त्याने केसाने गळा कापला माझा. आणि तिकडे ते मास्तर, रोज विचारत. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात ओळ पुन्हा सुरू झाली... आता सूर आणखी हलके झाले होते.

मी कीबोर्डची वायर परत खोचली, खुर्चीत बसले, आणि त्यांची ओळ संपताच माझी वाजवली. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, बोटं दिसत नव्हती. पण एक सूर चुकला नाही. आवाज छान आला.

आता मास्तरांची पाळी.

एक सूर आला... अर्धवट.

आणि थांबला.

आठ ठोके. सोळा. मी मोजत राहिले.

"मास्तर?"

डोळे पुसून स्क्रीनकडे बघितलं. कुठला सूर कुठल्या चॅनलवरून आला, याची तिथे यादी असते. वर एक, एक, एक, एक. त्याखाली माझी ओळ...

दहा, दहा, दहा, दहा.

"हा कीबोर्ड दहावर आहे?"

"मी त्यावर ड्रम वाजवतो ना," ठोक्या पुटपुटला.

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तू बघशीलच."

सगळ्या जगाचे चॅनल तपासणारी मी, आणि नेमका हा एक तपासला नाही. वाद्य 'सगळे चॅनल'वर होतं, म्हणून मला माझी ओळ ऐकू आली. मास्तरांकडे ती ठोक्याच्या नंबरवरून गेली. त्यांनी वाट बघितली माझी, आणि जवाब आला त्याचा. पुन्हा एकदा.

कीबोर्ड दोनवर केला. अंधार पडेपर्यंत वाजवत बसले. एक नंबरचा दिवा परत लागला नाही.

याला चार महिने झाले. ठोक्याचे फोन येतात, मी उचलत नाही. तो कॉम्प्युटर मी घरी आणलाय. शनिवारी चारला, दोन नंबरवरून, माझी ओळ वाजवते. त्या वायरीतून बोलणं जात नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी मोठ्याने म्हणते, "मास्तर, त्या दिवशीसुद्धा मीच होते हो."

आणि मग आठ ठोके थांबते.