चादरीखालचा हात

आता बसलाच आहात तर सांगतो. कोयनेचा भूकंप झाला, त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात माझी दाढ ठणकायला लागली. सांगलीच्या हळदबाजारात मी कुणाला भ्यालो नाही, पण दात उपटायचा चिमटा दिसला की मी दारातूनच माघारी फिरतो. कराडचे एक डॉक्टर शिरेत गुंगीचं इंजेक्शन देऊन दात काढतात असं कळलं. बायकोला घेऊन भर दुपारी गेलो.

"ल्हान पोरं बरी तुमच्यापरीस," म्हणत सुलाबाई बाहेरच्या बाकावर खोकत बसली.

डॉक्टरांनी गळ्यापर्यंत चादर पांघरली, डाव्या हातात सुई घातली. "आप्पासो, बोलत राहा. तुमचं बोलणं थांबलं की मी सुरू करतो."

मग काय, मी हळदीचा सौदा सांगायला घेतला. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. माल चाचपायचा, मग रुमालाखाली एकमेकांचा हात धरून बोटं दाबायची. पटलं नाही तर देणाऱ्यानं हात काढून घ्यायचा. हात राहिला, तर सौदा...

जीभ जड झाली. डोळे मिटले. कान तेवढे जागे राहिले.

चादरीखाली माझ्या उजव्या हातात एक हात आला. थंड, कोरडा. हळद साठवायचं जमिनीतलं पेव उघडल्यावर येतो, तसा कोंदट वास आला. त्यानं माझा हात ओढून कशावर तरी ठेवला. बांगड्या. मनगट. त्यावर चुलीत भाजल्याचा खरबरीत डाग. सुलाबाईचं मनगट. आणि सुलाबाईचा खोकला तर मला बाहेरून ऐकू येत होता.

माल दाखवून झाला. मग बोटं दाबली जाऊ लागली. एक... थांबून दुसरं... हात काढायला मी सगळा जीव लावला. पेरसुद्धा हललं नाही. ओरडायला तोंड उघडंच होतं, पण त्यात चिमटा होता. शेवटी त्यानं अख्खा पंजा आवळला. बाहेरचा खोकला मध्येच तुटला.

शुद्धीवर येताच विचारलं, "माझा हात कुणी धरला होता?"

"इथं मी एकटाच. माझे दोन्ही हात तुमच्या तोंडात होते."

धडपडत बाहेर आलो. सुलाबाई बाकावर धडधाकट बसलेली. माझा जीव भांड्यात पडला.

"चल, एस्टी गाठू."

"तुमी व्हा फुडं. न्यायला येतो म्हणून सांगून गेलाय त्यो..."

"कोण?"

"मला काय इचारता? तुमीच न्हाई का हात दिलासा."

तिला घरी आणलं. पण दारात गाडी थांबली की ती पदर सावरून उठते. मी तिचं मनगट धरून ठेवतो. चार दिवसांपासून मात्र पलीकडूनही कुणी धरल्यासारखं वाटतं... ओढत नाही. नुसतं धरून आहे.